तू कोणाचा माणूस?

मी इतिहासकार नाही. नववीत शाळा सुटली. त्यानंतर जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, खोलीतल्या एका दिव्याखाली, डोळ्यांवर झोप आणि केसांत कापूस घेऊन वाचलं. एरवी मी कविता लिहितो. पण काही गोष्टींना कविता पुरत नाही. तिथं तारखा लागतात, कायद्याचं नाव लागतं, कोणी काय म्हटलं ते लागतं. म्हणून हा उद्योग.

सुरुवात आमच्या सूतगिरणीतल्या एका रात्रपाळीपासून करतो. तीन वर्षं झाली त्याला. कार्डिंग खात्यात कापूस गुंतला म्हणून माझ्या पाळीतल्या एका पोरानं मशीन पुरतं थांबायच्या आत हात घातला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. आम्ही त्याला फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेला. खिडकीतल्या बाईनं विचारलं, विम्याचा नंबर? नंबर नव्हता. मालक कोण? आम्ही गिरणीचं नाव सांगितलं. सकाळी टाइम ऑफिसचा माणूस आला. म्हणाला, हा आमचा नाही, ठेकेदाराचा. ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, माझ्याकडं तो कालच लागलाय. दोन वर्षं राबलेला पोरगा एका रात्रीत कालचा झाला! आठवड्यानं ठेकेदारानं त्याच्या हातावर वीस हजार टेकवले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. अंगठा तेवढा शाबूत होता.

त्या दिवसापासून एक सवाल माझ्या डोक्यात घण घालतोय. तू कोणाचा माणूस? गावात हा सवाल विचारतात तेव्हा त्यांना जात हवी असते. गिरणीच्या गेटवर विचारतात तेव्हा ठेकेदाराचं नाव हवं असतं. आणि कोर्टात? तिथंही पहिला सवाल हाच. तू कामगार आहेस का, आणि असलास तर कोणाचा? ह्याचं उत्तर आधी ठरतं. मग किमान वेतन, विमा, फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, काढलं तर नोटीस आणि भरपाई. इतकी कुलपं आणि किल्ली एकच. ती किल्ली आपल्या हाती पडू नये म्हणून जी जी नावं आपल्याला दिली गेली त्यांचा हा इतिहास. पुस्तकातला कमी आणि माझ्या घरातला जास्त.

पणजा : वतनदार

माझा पणजा गावचा महार. येसकरकी करायचा. सरकारी कागदात त्याचं नाव 'वतनदार'. काय भारदस्त शब्द आहे पाहा! पाटील वतनदार, कुलकर्णी वतनदार आणि माझा पणजाही वतनदार. फरक एवढाच की पाटील आणि कुलकर्णी ओसरीवर बसायचे आणि पणजा त्यांच्या दारासमोर उन्हात उभा राहायचा.

१८७४ साली इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला. महाराचं काम त्या कायद्याच्या चौकटीत बसवलं. काम काय? साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं, टपाल पोचवायचं, सरकारी वसुलीच्या रकमेसोबत तालुक्याला जायचं, शिवेचा वाद निघाला की हद्द दाखवायची, गावाची राखण करायची. आणि गावकीच्या नावाखाली मेलेलं जनावर ओढायचं. वेळ? चोवीस तास. एकटा पणजा आजारी पडला तर त्याचा भाऊ जायचा, भाऊ नसेल तर पोरगा. म्हणजे नोकरी एका माणसाची नव्हती, सगळ्या घराची होती, आणि जन्माला आलेल्या प्रत्येकाची होती.

आता पगार पाहा. थोडी इनाम जमीन. ती पिढ्यापिढ्यांच्या वाटण्यांत अशी चिरत गेलेली की एकेकाच्या वाट्याला बांधाएवढा तुकडा. आणि बलुतं. ते कोण देणार? कुणबी देणार, खळ्यावर, त्याच्या मर्जीनं. सरकारचं काम केलं म्हणून सरकारकडं पगार मागावा तर सरकार म्हणणार, तुझं बलुतं गावाकडं. गावाकडं मागावं तर गाव म्हणणार, लई माजलास. राबवून घेणारा एक आणि भाकरी टाकणारा दुसरा. दोघंही म्हणायला मोकळे की आम्ही तुझे मालक नव्हे. आजचा ठेका वेगळा काय आहे? मी तर म्हणतो, ह्या देशातला पहिला कंत्राटी कामगार महार आहे, आणि त्याच्या कंत्राटाचा कागद मनूच्या दप्तरात आहे.

ही गाठ सर्वांत आधी कायद्याच्या डोळ्यांनी कोणी पाहिली? बाबासाहेबांनी. १९ मार्च १९२८ ला त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या त्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. मागणी साधी होती. महाराची कामं ठरवून द्या. बलुत्याच्या जागी रोख पैसा द्या. ज्याला वतन सोडून मोकळं व्हायचंय त्याला जमीन रयताव्यानं देऊन मोकळं करा. म्हणजे पाहा, ज्या माणसाला जन्मानं राबायला लावलंय त्याला आधी नोकर तरी म्हणा, त्याच्या कामाला हद्द घाला आणि पगाराला जबाबदार माणूस नेमा, एवढंच बाबासाहेब म्हणत होते. पण बिल निवड समितीत गेलं आणि तिथं त्याचे हातपाय तोडले गेले. १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते परत घेतलं. पुढं सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला परिषद भरली. तरीही वतन गेलं नाही. ते गेलं मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानं, १९५९ पासून. बाबासाहेब तोवर गेलेले.

मी आज्याला विचारलं होतं, वतन गेलं तेव्हा पणजा काय म्हणाला? आजा म्हणाला, "काय म्हणतोय? काठी कोपऱ्यात ठेवली आन् दोन दिस झोपला. पयल्यांदाच."

आजा : बदली

आजा मुंबईला गेला १९६० च्या आसपास. गिरणगावात एका खोलीत पंधरा-वीस माणसं. पाळीपाळीनं झोपायचं. गावचा एक माणूस रिंग खात्यात होता, त्याच्या ओळखीनं आजा बदली म्हणून लागला.

बदली म्हणजे काय ते नव्या पोरांना ठाऊक नाही म्हणून सांगतो. कायम कामगारानं खाडा केला की त्याच्या मशीनवर त्या दिवसापुरता जो उभा राहतो तो बदली. भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. बोलावलं तर आत, नाहीतर परत खोलीवर. जुन्या काळी हे बोलावणं सगळं जॉबरच्या हाती असायचं आणि जॉबरचा हात ओला केल्याशिवाय काम मिळायचं नाही. त्याला दस्तुरी म्हणत. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघानं ह्यावर उपाय म्हणून बदली कार्डाची पद्धत काढली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक माणसांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज हजर राहायचं, जागा रिकामी झाली तर त्यांच्यातूनच घ्यायचं. १९५० च्या सुमारास सरकारनं मुंबई, अहमदाबाद, सोलापूरच्या कापड गिरण्यांसाठी नावनोंदणीची योजना आणली. कार्ड आलं, नोंद आली. पण रोज सकाळी हजर राहण्याचं बंधन बदलीवर आणि काम देण्याचं बंधन कोणावरच नाही, ही गोम तशीच राहिली.

त्यातही आपल्या माणसाची बदली वेगळी. विणाईचं खातं, म्हणजे सांचाखातं. तिथं मजुरी जास्त. पण तिथं आपल्याला मज्जाव. कारण धोट्यातला धागा संपला की नवा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाचा धोटा दुसरा विणकर तोंडाला कसा लावणार? लाल बावटा हातात धरलेला कामगारही तिथं आधी मराठा आणि मग कामगार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हा सवाल ठेवला, तेव्हा कुठं मागण्यांच्या यादीत तो नाखुषीनं घालण्यात आला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथं त्यांनी सांगितलं की आपली माणसं जन्मभर गँगमनच राहतात. पोर्टरची साधी जागासुद्धा त्यांना मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं कामही करावं लागतं आणि तिथं विटाळ आडवा येतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे आपले दोन शत्रू आहेत हे त्यांनी तिथंच सांगितलं. आपल्यातले काही जण आजही त्यातला एकच शत्रू निवडतात आणि दुसऱ्याच्या पंगतीला बसतात.

असो. आज्याकडं येतो. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, औद्योगिक विवाद कायदा आला. १९५३ मध्ये त्याला ले-ऑफ आणि कपातीचं प्रकरण जोडलं. त्यात बदलीबद्दल एक फार मोलाची ओळ आहे. मी ती माझ्या भाषेत सांगतो. मस्टरवर नाव असलेल्या दुसऱ्याच्या जागी जो काम करतो तो बदली, पण त्यानं एक वर्षाची सलग नोकरी पुरी केली की त्याला बदली समजायचं नाही. आणि सलग वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम. हा २४० चा आकडा आपल्या पोरांनी जयंतीच्या तारखेसारखा पाठ करावा. कारण मालकांना तो आधीपासूनच पाठ आहे.

आजा सांगायचा, "दोनशे दिस भरले की मुकादमाला माझं त्वांडच आठवायचं न्हाय. पुढचा महिना दुसऱ्याला पुकारायचा. मग पुन्यांदा पयल्यापास्नं." ह्याला ब्रेक म्हणतात. बावीस वर्षांत आजा किती वेळा नवा लागला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. नाव मस्टरवर नव्हतं, पण अंग मशीनवर होतं.

महाराष्ट्र सरकारनं १९७१ मध्ये एक कायदा केला. त्याचं लांबलचक नाव आहे, पण त्यातल्या कामगारांविरुद्धच्या अनुचित प्रथांच्या यादीत एक कलम असं: माणसांना बदली, तात्पुरतं किंवा नैमित्तिक म्हणून ठेवायचं आणि कायम कामगाराचा दर्जा मिळू नये ह्या हेतूनं वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं, ही अनुचित प्रथा. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या आज्याचं सगळं आयुष्य कायद्याच्या पुस्तकात गुन्ह्यासारखं लिहून ठेवलेलं! फक्त आज्याला ते पुस्तक कोणी दाखवलं नाही. युनियनच्या कचेरीत त्याला जाता येत होतं, पण तिथं बोलायचे ते कायम कामगार.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. मागण्यांत पगारवाढ होती, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा हे होतं, आणि बदलीला कायम करा हेही होतं. आजा त्या एका मागणीसाठी संपात शेवटपर्यंत राहिला. संप कधी रीतसर मागं घेतलाच नाही. आजा मात्र गावी परतला. येताना त्यानं पत्र्याची पेटी आणली. तीत बदली कार्डं होती, रबर बँड लावलेली. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकाश कॉटन मिल्सच्या खटल्यात म्हटलं की बदलीचं नाव मस्टरवर नसतं आणि कामावर घेतलंच पाहिजे असा हक्क त्याला नाही. आज्यानं तो निकाल कधी वाचला नाही. त्यानं तो बावीस वर्षं रोज सकाळी गेटवर ऐकला होता.

मीठ आणि विडी

आता एक पाऊल मागं जातो. कारण कोर्टानं नेहमी आपल्या विरुद्धच सांगितलं असं नाही. खोटं लिहून काय मिळणार? उलट काही निकाल असे आहेत की ते चौकाचौकांत वाचून दाखवले पाहिजेत.

गुजरातेत कच्छच्या छोट्या रणात मिठागरं आहेत. तिथं मीठ पिकवणाऱ्यांना अगरिया म्हणतात. ध्रांगध्रा केमिकल वर्क्स नावाच्या कंपनीचं तिथं मिठाचं काम. अगरियाला जमिनीचा तुकडा नेमून द्यायचे. विहीर तो खणणार, वाफे तो करणार, बायकापोरांना घेऊन हंगामभर त्या खाऱ्या उन्हात राहणार. कामाचे तास नाहीत, मस्टर नाही, मदतीला माणूस लावायचा तर स्वतःच्या पैशानं लावायची मोकळीक. शेवटी मीठ वजन करून मणाला साडेपाच आणे. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार कसले? हे तर स्वतंत्र ठेकेदार! १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नाही, हे कामगारच. का? कारण पाण्याचा खारटपणा तपासण्यापासून मीठ बाहेर काढण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची माणसं देखरेख करत होती, आणि अगरिया स्वतःच्या हातानं राबत होता. काय काम करायचं एवढंच नव्हे, ते कसं करायचं हे सांगण्याचा हक्क ज्याच्याकडं तो मालक. कसोटी ती. कागदावर नाव काय आहे ही कसोटी नव्हे.

आमच्या पणजाला ही कसोटी लावून पाहा. घोड्यापुढं कधी धावायचं, किती धावायचं हे कोण सांगत होतं? मग मालक कोण?

पण कायदा म्हणजे काही सरळ रस्ता नव्हे. विडीचं पाहा. विदर्भात आणि नाशिककडं विड्यांच्या कारखान्यांत आपली किती माणसं, विशेषतः बाया, वाकून वाकून म्हाताऱ्या झाल्या त्याची गणती नाही. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात ठरवलं की कारखान्यातून तंबाखू नेऊन बाहेर विड्या करवून आणणारा सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार. तो कामगार नाही आणि त्याच्या हाताखालचे कारखान्याचे कामगार नाहीत. १९६०-६१ च्या सुमारास दोन खटले पाठोपाठ आले. नागपूरच्या कारखान्यात बसून विड्या वळणारे मर्जीप्रमाणं येत-जात होते, तरी कोर्ट म्हणालं हे कामगार, कारण बसायचं कारखान्यातच आणि खराब विडी बाजूला काढायचा हक्क मालकाचा. सिन्नरच्या खटल्यात मात्र तशाच माणसाबद्दल बहुमतानं म्हटलं, हा फॅक्टरी कायद्याखाली कामगार नाही, म्हणून भरपगारी रजा नाही. नागपूरला कामगार, सिन्नरला कोणीच नाही! विडी तीच, तंबाखू तीच, खोकलाही तोच.

शेवटी १९६६ मध्ये विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा आला. त्यानं घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं आणि ठेकेदाराच्या पाठीमागं लपलेल्या मालकालाही मालक मानलं. ह्यातून मी एक शिकलो. कामगार कोण हे आभाळातून पडत नाही. ते ठरवावं लागतं. आपण ठरवून घेतलं नाही तर दुसरा ठरवतो.

मी : ठेकेदाराचा

आज्याची पेटी आता माझ्याकडं आहे. पण माझ्याकडं तसं कार्डही नाही. बदलीला निदान गिरणीचा शिक्का असलेलं कार्ड होतं. माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर ठेकेदाराचं नाव आहे आणि हा ठेकेदार पाच वर्षांतला तिसरा. ठेकेदार बदलतो, पट्टा बदलतो, फ्रेम तीच राहते आणि मीही तोच राहतो. फ्रेम गिरणीची, कापूस गिरणीचा, सूत गिरणीचं, हुकूम गिरणीच्या सुपरवायझरचा. मी तेवढा ठेकेदाराचा!

ठेका कामगारांचा कायदा १९७० चा. जिथं वीस किंवा जास्त माणसं ठेक्यावर, तिथं तो लागू. मग एकोणीसचे ठेके निघाले. १९७८ मध्ये केरळातल्या एका दोरखंडाच्या कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी सांगितलं की मधे ठेकेदार उभा केला म्हणून काय झालं, ज्याच्या धंद्यासाठी माणूस राबतो आणि ज्याच्या हाती त्याची भाकरी आहे तोच खरा मालक. पडदा बाजूला सारून पाहा. २००१ मध्ये मोठ्या पीठानं ठरवलं की ठेका पद्धत एखाद्या कामात बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होणार नाही. पण ठेका हा नुसता बनाव आहे असं सिद्ध झालं तर तो मूळ मालकाचाच कामगार. म्हणजे दार बंद नाही, पण उंबरा उंच केला.

त्याच २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांत, कल्याणी स्टील्स आणि सिप्ला, सुप्रीम कोर्टानं म्हटलं की १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करायची तर मालक-कामगार हे नातं आधी मान्य झालेलं हवं. नात्याचाच वाद असेल तर आधी दुसरीकडं जाऊन ते सिद्ध करून या. आणि २००२ मध्ये आणखी एका निकालात म्हटलं की २४० दिवस भरले हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर. मस्टर मालकाच्या कपाटात आणि ओझं माझ्या डोक्यावर!

त्या पोराच्या बोटांचंही तसंच. १९४८ च्या राज्य विमा कायद्यात स्पष्ट होतं की कारखान्यात ठेकेदारामार्फत राबणाऱ्याचा विमा भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, त्यानं मग ती रक्कम ठेकेदाराकडून वळती करून घ्यावी. म्हणजे टाइम ऑफिसचं 'आमचा नाही' हे वाक्य कायद्यापुढं टिकणारं नव्हतं. आम्ही वीस-पंचवीस जण तिथं उभे होतो आणि हे एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्या अंगठ्याचा विचार आला की अजून झोप येत नाही.

झाडू आणि स्वयंसेवक

नावं देण्याची मालकांची कला कुठवर गेली आहे ते मुंबईच्या कचऱ्यात पाहा. शहराचा कचरा पहाटे उचलणारे कोण, त्यांची वस्ती कोणती, आडनावं कोणती हे मी सांगायला नको. कायम सफाई कामगार महापालिकेचा. पण ठेक्यावरच्यांना कागदावर म्हटलं 'स्वयंसेवक'! त्यांच्या पगाराला म्हटलं 'मानधन'. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस समाजसेवा करतोय अशी ही कल्पना. पणजाला वतनदार म्हणणारे आणि ह्यांना स्वयंसेवक म्हणणारे एकाच शाळेत शिकलेले असणार.

कचरा वाहतूक श्रमिक संघानं हा लढा वर्षानुवर्षं लढवला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणानं सांगितलं की हा ठेका म्हणजे बनाव आहे, २७०० कामगार महापालिकेचेच. ज्याचे २४० दिवस ज्या दिवशी भरले त्या दिवसापासून तो कायम. २०१७ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. गुलाल उधळावा असा दिवस. पण पुढं काय झालं? कित्येकांचं कायम होणं अडलं, कारण कागदावरच्या नावाचं स्पेलिंग जुळत नव्हतं! ठेकेदाराच्या कारकुनानं घाईत जसं लिहिलं तसं लिहिलं. सुप्रीम कोर्ट म्हणतं तू कामगार आहेस आणि कारकून म्हणतो, तू तूच आहेस कशावरून?

मानधनाचं आणखी एक. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिच्या हाती पडतं ते मानधन, पगार नव्हे, असं तिला कायम सांगण्यात आलं. २०२२ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या खटल्यात म्हटलं की ते मानधन म्हणजे वेतनच आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजी मी नोकरी करत व्हते व्हय रे इतकी वर्सं?"

आता काय

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ चा, १९४८ चा, १९७० चा हे केंद्राचे जुने कायदे त्यांत विरघळले. ठेक्याच्या कायद्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. म्हणजे आता एकोणपन्नासचे ठेके निघायला मोकळीक! मोबाइलवर ऑर्डर घेऊन गाडी पिटाळणाऱ्या पोरांचं नाव पहिल्यांदा कायद्यात आलं, पण व्याख्या अशी की ते नेहमीच्या मालक-कामगार नात्याच्या बाहेरचे. पोरगं रस्त्यावर पडलं की त्याला पहिला सवाल हाच विचारणार, तू कोणाचा माणूस? एक गोष्ट मात्र धरून ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलंच पाहिजे असं आता कायदा म्हणतो. मागा ते. लाजू नका. पणजाला मिळालं नाही, आज्याला मिळालं नाही, तुम्ही मागा.

आणि मिळालं नाही तर? दोस्तांनो, आपल्या माणसांना बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते केवळ बी.ए. होण्यासाठी नव्हे. मी आता एक करतो. माझ्या वहीत पुढच्या पानांवर कविता आहेत. मागच्या पानांवर रोजची तारीख, पाळी, फ्रेमचा नंबर, त्या दिवशी हुकूम कोणी दिला त्याचं नाव, आणि बरोबर कोण होतं ते. पट्ट्याचा फोटो. बँकेत जमा झालेल्या पगाराचा कागद. पास, स्लिपा, काहीही फेकत नाही. कारण मिठागरातल्या अगरियांचा निकाल लागला तो ह्याच गोष्टींवर. हुकूम कोण देत होतं, देखरेख कोणाची होती, राबत कोण होतं. आमच्या खात्यातल्या अकरा जणांनी अशा वह्या घातल्यात. त्या पोरानंही घातली आहे. आता तो झाडलोटीच्या कामावर आहे, ठेकेदाराकडंच. पेन उजव्या हातात धरतो आणि दोन बोटांच्या डाव्या हातानं पान दाबून ठेवतो.

परवा त्याची वही मी चाळली. पहिल्या पानावर त्यानं मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलंय. आधारवर आहे तसंच, काना-मात्रा तपासून. त्याखाली आजपर्यंतचे दिवस मोजलेत. १८७.